स्विचिंग कंट्रोलमधला पहिला अर्धा सेकंद: बदलत्या जडत्वाच्या मोटरवर ट्रान्झियंट कसा सुधारायचा

कागद किंवा फिल्म गुंडाळणाऱ्या मशीनवर रोलचा व्यास दुप्पट झाला की त्याचं जडत्व १६ पट होतं. रुंदी तीच राहिली तर जडत्व त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतं, म्हणून. मोटर तीच, ड्रायव्हर तोच, पण शाफ्टवर आज रिकामी कोअर आहे की भरलेला रोल, हे कंट्रोलरला कोणी सांगत नाही. ऑपरेटर बटण दाबतो आणि गती एकदम चढायला हवी असते. बटण दाबल्यापासून गती बसेपर्यंतचा हा काळ म्हणजे ट्रान्झियंट.

एकच कंट्रोलर १६ पट बदलाला पुरत नाही. म्हणून चार-पाच कंट्रोलर तयार ठेवायचे आणि मशीन चालू असतानाच योग्य तो निवडायचा, याला स्विचिंग कंट्रोल म्हणतात. या विषयाची सुरुवात 'शेवटी स्थिर होतं का' या प्रश्नाने झाली. १९८५ मध्ये मार्टेन्सन आणि १९८६ मध्ये फू आणि बार्मिश यांनी दाखवलं की प्लांटबद्दल (म्हणजे जे यंत्र चालवायचं त्याबद्दल) फार थोडी माहिती असली तरी कंट्रोलर बदलत बदलत त्याला स्थिर करता येतं. पण ठरलेल्या यादीतला एकेक कंट्रोलर लावून बघायचा म्हटलं, तर बरोबरचा सापडेपर्यंत मोटर कुठल्या कुठे गेलेली असते. १९९४ मध्ये येल विद्यापीठातल्या नरेंद्र आणि बालकृष्णन यांनी थेट ट्रान्झियंटचाच प्रश्न घेतला: अनेक मॉडेलं समांतर चालवायची, ज्याचा अंदाज सगळ्यांत कमी चुकतो त्याचा कंट्रोलर लावायचा. तिथल्याच मोर्स यांचं सुपरवायझरी कंट्रोलवरचं काम १९९६ पासून आलं. खालच्या पायऱ्या याच घराण्यातल्या आहेत.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. ट्रान्झियंट बिघडतो तो बहुतेक वेळा कंट्रोलर चुकीचा ट्यून झाल्यामुळे नाही. तो बिघडतो दोन कारणांनी: निर्णय उशिरा होतो, आणि नवा कंट्रोलर इंटिग्रेटरमध्ये (गतीतल्या चुकीची बेरीज साठवणाऱ्या भागात) चुकीचा आकडा घेऊन लूपमध्ये येतो. दुसऱ्या कारणाकडे फार कमी जण बघतात.

उदाहरण आधी पक्कं करू

१२ व्होल्टची डीसी मोटर घ्या. गती टॅकोवरून (गतीच्या सेन्सरवरून) व्होल्टमध्ये मोजतो आणि स्केल असं ठेवतो की बिनभाराची मोटर १ व्होल्टला १ एकक गती देते. समीकरण एवढंच:

ट × (गती बदलण्याचा दर) = व − भ − ग

इथे ग म्हणजे गती, व म्हणजे दिलेलं व्होल्टेज, भ म्हणजे भाराचा टॉर्क व्होल्टमध्ये मांडलेला, आणि ट म्हणजे टाइम कॉन्स्टंट, गती किती संथपणे बदलते त्याचं माप; रोल जितका जड, तितका ट मोठा. ट माहीत नाही. तो ०.१ ते १.६ सेकंद यांत कुठेही असू शकतो. शिवाय ड्रायव्हर आणि सेन्सर मिळून २० मिलिसेकंदांचा डेड टाइम (हुकूम दिल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा उशीर) आहे. सॅम्पलिंग ५ मिलिसेकंदांचं. आपल्याला हवी ती गती ह, आणि तिथे ०.१ सेकंदाच्या टाइम कॉन्स्टंटने पोचायचं आहे.

पायरी १: मॉडेलं गुणोत्तराने पसरवा

०.१ पासून १.६ पर्यंत सारख्या अंतरावर चार खुणा केल्या तर हलक्या टोकाला मोठी भोकं पडतात आणि जड टोकाला विनाकारण गर्दी होते. ०.१ आणि ०.२ यांत दुपटीचा फरक आहे, १.५ आणि १.६ यांत जवळपास काहीच नाही. म्हणून प्रत्येक मॉडेल आधीच्याच्या दुप्पट घ्या: ०.१४, ०.२८, ०.५७ आणि १.१३ सेकंद. प्रत्येक मॉडेल आपल्या दोन्ही बाजूंना साधारण १.४ पटीपर्यंत सांभाळतं आणि चारांत सगळा पल्ला झाकला जातो.

प्रत्येकाला एक पीआय कंट्रोलर (गतीतली चूक आणि त्या चुकीची साठत गेलेली बेरीज, दोन्ही बघणारा) द्या. प्रपोर्शनल गेन = ट ÷ ०.१, इंटिग्रल गेन = १ ÷ ०.१. गेन येतात १.४, २.८, ५.७ आणि ११.३, इंटिग्रल गेन चारही ठिकाणी १०. इंटिग्रेटर सगळ्यांना एकच पुरतो आणि बदलतो तो फक्त प्रपोर्शनल गेन. पुढे याचा मोठा फायदा होणार आहे.

आता चुकीच्या जोडीने काय होतं ते हातानेच काढून बघा. क्रमांक १ चा कंट्रोलर १.६ सेकंदवाल्या जड रोलवर लावला तर डॅम्पिंग (झोके शमवण्याची ताकद) ०.३ पर्यंत खाली येतं, ओव्हरशूट (हव्या गतीच्या पुढे जाणं) ४० टक्क्यांच्या आसपास जातो आणि गती बसायला पाच सेकंद लागतात. उलट क्रमांक ४ चा कंट्रोलर रिकाम्या शाफ्टवर, म्हणजे ०.१ सेकंदावर लावला, तर लूपचा गेन ११ पट जास्त होतो. या डेड टाइमला साधारण ८ पटीच्या पुढे लूप टिकतच नाही, त्यामुळे मोटर अस्थिर होते. म्हणजे चुका दोन्ही बाजूंना सारख्या नाहीत. जास्त गेनची चूक धोकादायक, कमी गेनची फक्त आळशी.

यातूनच सुरुवातीचा कंट्रोलर ठरतो. क्रमांक २ रिकाम्या शाफ्टवर ७० अंशांच्या आसपास फेज मार्जिन (अस्थिर होण्याआधी उरलेली सूट) ठेवतो आणि सगळ्यांत जड रोलवर ओव्हरशूट २५ टक्क्यांच्या आत-बाहेर. मधला म्हणून क्रमांक ३ घेण्याचा मोह होतो, पण रिकाम्या शाफ्टवर त्याचा मार्जिन ३० अंशांच्या आसपास येतो. क्रमांक २ नेच सुरू करा.

पायरी २: चार एस्टिमेटर, पण फिल्टर दोनच

प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा एस्टिमेटर (गतीचा अंदाज काढणारा भाग) लिहायची गरज नाही. एक फिल्टर गतीवर, एक व्होल्टेजवर, दोन्हींचा वेग सेकंदाला २०. मग प्रत्येक मॉडेलचा अंदाज असा:

अंदाज = (२० − १/ट) × गतीचा फिल्टर + (१/ट) × व्होल्टेजचा फिल्टर

मॉडेलं आठ केली तरी फिल्टर दोनच राहतात, मायक्रोकंट्रोलरवर ओझं पडत नाही. व्होल्टेजच्या फिल्टरमध्ये काय घालायचं यात मात्र दोन चुका हमखास होतात. कंट्रोलरने मागितलेलं व्होल्टेज घालू नका, ड्रायव्हरने खरोखर दिलेलं, म्हणजे मर्यादेत कापल्यानंतरचं घाला. आणि ते चार सॅम्पल मागचं घाला, म्हणजे २० मिलिसेकंदांचा डेड टाइम जुळतो. यातलं एक जरी चुकलं तर खरं मॉडेलसुद्धा प्रत्येक स्टेपला (हव्या गतीतल्या अचानक बदलाला) चुकल्यासारखं दिसतं.

आता अंदाजातली चूक कशाने वाढते ते बघा. भार नसेल तर चूक दोन गोष्टींच्या गुणाकारावर चालते: मॉडेलच्या १/ट आणि खऱ्या १/ट मधला फरक, गुणिले (व − ग). गती स्थिर झाली की व आणि ग सारखे होतात आणि चारही मॉडेलांची चूक शून्यावर येते. स्थिर गतीला रोल किती जड आहे हे कोणालाच कळू शकत नाही. माहिती येते ती फक्त गती बदलताना. म्हणजे जो ट्रान्झियंट आपल्याला सुधारायचा आहे, तोच आपला एकमेव साक्षीदार आहे. त्याचे पहिले काही मिलिसेकंद वाया घालवायचे नाहीत.

मशीन परवानगी देत असेल तर खऱ्या स्टार्टच्या आधी ५० मिलिसेकंदांचा छोटा व्होल्टेजचा धक्का द्या. शाफ्ट जेमतेम हलतो, पण तेवढ्यात निवड होऊन जाते.

पायरी ३: भाराचा टॉर्क काढून टाका

यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या बेंचवर रिकाम्या शाफ्टची मोटर छान फिरत होती. ब्रेकचा पट्टा थोडा आवळला की एक-दोन सेकंदांत मोटर थरथरायला लागायची, सेकंदाला बारा-तेरा वेळा. मग आपोआप शांत व्हायची. पुन्हा थोड्या वेळाने थरथर, पुन्हा शांत. लॉग काढला तर सुपरवायझर (कंट्रोलर निवडणारा भाग) २ वरून ४ वर जात होता, थरथर सुरू झाली की १ वर यायचा, शांत झालं की परत ४ वर. दोन दिवस मी नॉइज, अर्थिंग आणि टॅकोचे ब्रश तपासत बसलो.

कारण समीकरणातच होतं. भार असताना गती स्थिर झाली की व − ग हे शून्य नसतं, भ एवढं असतं. ते घालून बघितलं की प्रत्येक मॉडेलची स्थिर चूक निघते:

चूक = भ ÷ (२० × मॉडेलचा ट)

यात खरा ट कुठेच नाही. मॉडेल जितकं जड, तितकी चूक कमी. भ अर्धा व्होल्ट धरला तर क्रमांक १ ची चूक ०.१८ आणि क्रमांक ४ ची ०.०२२. वर्ग केल्यावर हा फरक ६४ पट होतो. शाफ्टवर काहीही असो, सुपरवायझर क्रमांक ४ निवडणारच, आणि रिकाम्या शाफ्टला नेमका तोच चालत नाही. मोटर थरथरली की व − ग मोठं होतं, खरी माहिती येते, निवड सुधारते. शांत झालं की भार पुन्हा दिशाभूल करतो. ते चक्र असं चाललं होतं.

उपाय सोपा आहे. चारही चुका वर्ग करण्याआधी एका हाय-पास फिल्टरमधून काढा, कोपरा सेकंदाला २ रेडियनच्या आसपास. स्थिर भाग धुऊन निघतो, स्टेपच्या वेळची माहिती तशीच राहते. चारही चुकांना फिल्टर सारखाच हवा, नाहीतर तुलनाच बिघडते.

पायरी ४: निर्णय

प्रत्येक मॉडेलची एक गुणपत्रिका ठेवा. दर सॅम्पलला जुनी बेरीज ०.९८ ने गुणा आणि त्यात नव्या चुकीचा वर्ग गुणिले ०.००५ मिळवा. ०.९८ म्हणजे साधारण पाव सेकंदाची आठवण. आपला लूप ०.१ सेकंदाचा आहे, त्याच्या दोन-तीन पट आठवण मला योग्य वाटते. खूप लांब ठेवली तर रोल बदलल्यावर जुन्या रोलचा हिशेब चिकटून राहतो. खूप आखूड ठेवली तर नॉइज निर्णय घेतं.

स्विच कधी करायचा? सगळ्यांत कमी गुणांचं मॉडेल चालू मॉडेलपेक्षा ठळकपणे चांगलं असेल तरच. नियम असा:

चालू मॉडेलचे गुण + किमान पायरी, हे (सर्वांत चांगल्याचे गुण + किमान पायरी) च्या १.५ पटीहून जास्त झाले, तर बदला.

किमान पायरी नॉइजवरून ठरवा. मोटर स्थिर गतीला ठेवून चुकीचा आरएमएस बघा. तो ०.०१ असेल तर गुण ०.००००२५ वर स्थिरावतात. किमान पायरी त्याच्या चौपट, ०.०००१ घ्या.

तुलना गुणोत्तरानेच करा, वजाबाकीने नको. भार अचानक आला की चारही चुका एकदम आणि सारख्याच वाढतात. वजाबाकीची तुलना अशा वेळी बारीकसारीक फरकाला भुलते, गुणोत्तर जागचं हलत नाही.

हे आकडे धरून निर्णय किती लवकर होतो ते काढू. खरा ट १.१३, सुरुवात क्रमांक २ ने, ह मध्ये १ ची स्टेप. व्होल्टेज २.८ वर जातं, डेड टाइम सरतो, आणि क्रमांक २ ची चूक सेकंदाला साधारण ७.५ या वेगाने चढायला लागते. दहा मिलिसेकंदांत ती ०.०७ च्या आसपास पोचते, नॉइजच्या सातपट. पंधरा मिलिसेकंदांच्या सुमारास गुण मर्यादा ओलांडतात. डेड टाइम धरून ३५ ते ४० मिलिसेकंदांत स्विच होतो, तोही थेट क्रमांक ४ वर. मधल्या ३ वर थांबावं लागत नाही.

ड्वेल टाइम, म्हणजे एकदा बदलल्यावर किमान किती वेळ बदलायचं नाही, तोही ठेवा, पण छोटा. ५० मिलिसेकंद पुरेत. १९९९ मध्ये हेस्पान्हा आणि मोर्स यांनी दाखवलं की प्रत्येक स्विचला सक्तीचं थांबवण्याऐवजी सरासरीने पुरेसं अंतर राहिलं तरी स्थिरता टिकते. ट्रान्झियंटच्या दृष्टीने ही सवलत फार मोलाची आहे, कारण पहिली निवड चुकली तर लगेच दुरुस्त करता येते. ड्वेल अर्धा सेकंद ठेवला तर त्या पहिल्या चुकीची शिक्षा अर्धा सेकंद भोगावी लागते.

पायरी ५: इंटिग्रेटर हवाली करताना

आता दुसरं कारण. स्विच करताना व्होल्टेज उडी मारू नये म्हणून इंटिग्रेटर असा बदलायचा की आधीचं आणि नंतरचं व्होल्टेज सारखं राहील, असं बहुतेक ठिकाणी शिकवतात. याला बम्पलेस ट्रान्सफर म्हणतात. ऑटो-मॅन्युअल बदलताना ते अगदी योग्य आहे. पण ट्रान्झियंटच्या मध्यावर तेच केलं तर काय होतं बघा.

वरच्याच उदाहरणात ३५ मिलिसेकंदांना गती अजून ०.०४ च्या आसपास आहे, म्हणजे गतीतली चूक ०.९६. नवा गेन ११.३, जुना २.८. फरक साधारण ८. व्होल्टेज तेच ठेवायचं तर इंटिग्रेटरला उणे ८ च्या आसपास ढकलावं लागतं. बरोबर कंट्रोलर लूपमध्ये आला, पण त्याच्या हातापायात हे वजन बांधून.

पीआयच्या झिरोने मोटरचा पोल (तिचा स्वतःचा संथ प्रतिसाद) कापला असला तरी तो पोल नाहीसा झालेला नसतो. इंटिग्रेटरमधला चुकीचा आकडा त्याच पोलने, म्हणजे १.१३ सेकंदाच्या टाइम कॉन्स्टंटने विरतो. तोवर गती मागे राहते ती किती? चुकीचा आकडा गुणिले ०.१ भागिले १.१३. हिशेब केला की स्टेपच्या जवळपास दोन तृतीयांश इतकी. ०.४ सेकंदात बसायला हवी ती गती चार सेकंद रेंगाळते. व्होल्टेजचा आलेख मात्र एकदम गुळगुळीत दिसतो, म्हणून दोष सापडत नाही.

मग इंटिग्रेटरमध्ये काय असायला हवं? आपल्याला हवा तो ०.१ सेकंदाचा उतार समीकरणात घातला की उत्तर येतं:

इंटिग्रेटर = ग + भ

म्हणजे आत्ताची गती धरून ठेवायला जेवढं व्होल्टेज लागेल तेवढं. यात ट नाही, गेन नाही. कुठलाही कंट्रोलर येवो, त्याला हाच आकडा द्यायचा. भ चा अंदाज मागच्या स्थिर काळातल्या (व − ग) च्या सरासरीवरून ठेवा.

इंटिग्रेटरला हातच लावला नाही तर? निर्णय ३५ मिलिसेकंदांत झाला असेल तर फार बिघडत नाही, ओव्हरशूट ३ टक्क्यांच्या आत राहतो. निर्णय ०.३ सेकंदाला झाला तर तोवर इंटिग्रेटर फुगलेला असतो आणि ओव्हरशूट १० टक्क्यांपर्यंत जातो. ग + भ वर रीसेट केला की दोन्ही वेळा शेपटी राहत नाही.

व्होल्टेज ३ वरून ११ वर उडी मारेल, हे खरं. ती उडी बरोबर आहे; जड रोलला तेवढं लागतंच. कपलिंग किंवा बेल्टला झटका सोसणार नसेल तर उडी तीन-चार सॅम्पलमध्ये वाटून द्या आणि वाटून दिलेलंच व्होल्टेज एस्टिमेटरला दाखवा. इंटिग्रेटरमध्ये मात्र खोटं भरू नका. गती स्थिर असताना स्विच झाला तर चूक शून्याजवळ असल्याने, आणि इंटिग्रल गेन चारही ठिकाणी एकच असल्याने, उडी मुळात येतच नाही.

मोठ्या स्टेपला व्होल्टेज १२ वर कापलं जाईल. त्या वेळी इंटिग्रेटर नुसता गोठवतात. त्यापेक्षा कापलं जात असेपर्यंत त्याला ग + भ वरच चालवत राहा, मर्यादेतून बाहेर पडताना गती सरळ बसते.

पायरी ६: दर ५ मिलिसेकंदांचा क्रम

गती वाचा. दोन्ही फिल्टर पुढे न्या. चार अंदाज, चार चुका, हाय-पास, गुण. ड्वेल संपला असेल तर निर्णय. स्विच झाला तर इंटिग्रेटर रीसेट. मग व्होल्टेज काढा, मर्यादेत कापा, ड्रायव्हरला द्या, आणि कापलेला आकडा डेड टाइमच्या रांगेत टाका. रीसेट व्होल्टेज काढल्यानंतर केला तर एक सॅम्पल भलतंच व्होल्टेज जातं आणि एस्टिमेटरलाही तेच दिसतं.

पायरी ७: तपासणी

ट ची पाच मूल्यं घ्या: ०.१, ०.२, ०.४, ०.८, १.६. ही मुद्दाम मॉडेलांच्या मधोमध किंवा पल्ल्याच्या टोकांना पडतात, म्हणजे सगळ्यांत वाईट जागा. प्रत्येकाला चारही कंट्रोलरने सुरुवात करून बघा, भारासह आणि भाराशिवाय. चाळीस चाचण्या होतात. प्रत्येकीत ओव्हरशूट, २ टक्क्यांत बसायला लागलेला वेळ, पहिल्या स्विचची वेळ आणि एकूण स्विच किती, हे चार आकडे लिहा. या मधल्या मूल्यांवर शेजारच्या दोन मॉडेलांत अदलाबदल झाली तर घाबरू नका, दोघांचेही कंट्रोलर तिथे चालतात. पण स्थिर गतीला मिनिटाला दोन-तीनदा स्विच दिसत असेल तर किमान पायरी दुप्पट करा. गुणोत्तर १.५ च्या वर नेण्यापेक्षा ते बरं, कारण किमान पायरी स्टेपच्या वेळच्या निर्णयाला फारशी उशीर करत नाही: गुण वेळेच्या घनात चढतात, त्यामुळे पायरी दुप्पट केली तरी उशीर चौथ्या भागानेच वाढतो.

एवढं झाल्यावरही मधल्या मूल्यांवर आणखी अचूकता हवी असेल, तर पाचवं मॉडेल ॲडॅप्टिव्ह ठेवा. जिंकलेल्या स्थिर मॉडेलचा ट घेऊन ते तिथून सुरू होतं आणि बारीक सरकत खऱ्या मूल्याजवळ जातं. नरेंद्र आणि बालकृष्णन यांच्या कामात ही जोडी आहे: स्थिर मॉडेलं झटकन जवळ आणतात, ॲडॅप्टिव्ह मॉडेल उरलेलं अंतर भरतं. मात्र (व − ग) भ पेक्षा फारसं वेगळं नसताना त्याचं शिकणं बंद ठेवा. स्थिर गतीला शिकण्यासारखं काही नसतं आणि मूल्य नुसतं भरकटतं. आणि हे पाचवं मॉडेल वरच्या चाळीस चाचण्या चार मॉडेलांवर पार पडल्यावरच जोडा.